पीळ जात नाही

मंगळावर धुळीचं वादळ उठलं, तेव्हा शर्वाणीची आई गाडी घेऊन बर्फाच्या खाणीकडे गेलेली होती. रेडिओ केव्हाच मुका झाला होता. उरला होता तो फक्त आजोबांनी शोधलेला निरोपाचा प्रकाशझोत.

आजोबा प्रकाशाचे शास्त्रज्ञ. आईच्या गाडीवरून झोत येईल. त्यात दोन पीळ असले तर ‘संकटात आहे’, तीन असले तर ‘सुखरूप आहे, वादळ शमल्यावर निघते’, असं त्यांनी लेकीशी ठरवलं होतं.

झोत आला खरा, पण पडद्यावर नुसते डाग. संगणकानेही हात टेकले. “आकृती बिघडली आहे. वाचता येत नाही.”

शर्वाणी पडद्याला नाक लावून बघू लागली. “आजोबा, धुळीने सगळं पुसलं!”

“चमक पुसली. पीळ कसा पुसेल?” आजोबांनी कमरेचा पट्टा काढला, एक पीळ देऊन बक्कल लावलं. “चुरगळ हवा तेवढा.”

तिने पट्टा चुरगळला, ओढला. पीळ तसाच. बक्कल सोडल्याशिवाय तो जाणारच नव्हता.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अगदी तुझ्या आईसारखा!” आजोबा हसले. “प्रकाशाची लहर एका दिशेत थरथरते. ते तिचं ध्रुवीकरण (कंपनाची ठरावीक दिशा). झोताच्या मध्याभोवती ही दिशा हळूहळू वळवत नेली की असाच पीळ पडतो. पिळांची संख्या म्हणजे संस्थितिक अंक (ताणलं, चुरगळलं तरी न बदलणारी मोजणी). पडद्यावरच्या बारीक रेघा त्या दिशा दाखवतात. मध्याभोवती बोट फिरव. रेघ अर्धी वळून पुन्हा पहिल्यासारखी दिसली की एक पीळ. मोज बाई, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत.”

एक... दोन... पुढे रेघा फारच पुसट. बोट थांबलं.

“दोनच!” तिला रडू फुटलं.

आजोबांचा चेहरा उतरला. त्यांचा हात सुटकेच्या गाडीच्या बटणाकडे गेला. ती निघाली की चार माणसं वादळात जाणार होती.

तेवढ्यात शर्वाणीला काचघरातली तुळस आठवली. तिला प्रदक्षिणा घालताना शर्वाणी खेळायच्या घाईत अर्ध्यातून परतली की आई ओरडायची, “अर्धी प्रदक्षिणा मोजायची नाही!”

“थांबा आजोबा! मी फेरी पुरी केलीच नाही.”

बोट पुसट रेघांवरून सरकत पहिल्या रेघेपाशी पोचलं. तीन! दुसरीकडून सुरुवात करून तिने पुन्हा मोजलं. तीनच.

आजोबांनी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

“असा निरोप पृथ्वीपर्यंत जाईल?” तिने डोळे पुसत विचारलं.

“मला नाही जमलं अजून. तू बघ जमतंय का.”

संध्याकाळी वादळ शमलं. काही वेळाने दार उघडलं आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेली आई आत आली. शर्वाणी धावत गेली आणि तिने आईभोवती एक प्रदक्षिणा घातली. पुरी.