काळ्या पट्टीतली ओदिल

मार्न नदीकाठच्या त्या थिएटरात बोलपट यायला लागले तसं आन्सेल्मचं काम वाढलं. प्रोजेक्टरवर फिल्म चढवायची, शेजारी आवाजाची तबकडी ठेवायची, सुई बाणाच्या खुणेवर टेकवायची आणि दोन्ही एकदम सुरू करायचं. फिल्म तुटली तर जेवढी वाया गेली तेवढीच काळी पट्टी जोडायची, नाहीतर ओठ पुढे आणि आवाज मागे. फिल्म भसकन पेट घेते, म्हणून खेळ चालू असताना प्रोजेक्टरच्या खोलीचं लोखंडी दार बंद करून कडी आतून घालायची. हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

त्या आठवड्याच्या बोलपटातली नटी परदेशातली होती. तिला फ्रेंच धड येत नव्हतं, ती नुसते ओठ हलवायची. कॅमेऱ्यामागे उभं राहून बोलली होती ओदिल, आन्सेल्मची बायको. जाहिरातीत तिचं नाव नव्हतं. बोलपट लागला तेव्हा ती या जगात नव्हती. छातीच्या दुखण्याने हिवाळ्यात गेली. शेवटपर्यंत त्याला सांगत राहिली, बरं वाटतंय.

बोलपटाची गोष्ट साधी होती. आपलं लग्न झालंय हे नटी एका नावाड्यापासून लपवते. शेवटी म्हणते, "दार उघडं ठेव. मी येते." येत नाही. नावाडी उजाडेपर्यंत उघड्या दाराशी बसतो आणि मग नदीत उतरतो.

फिल्म तुटली ती त्याच वाक्यावर. आन्सेल्मने काळी पट्टी जोडली. पुढच्या खेळाला पडदा क्षणभर काळा झाला आणि त्या काळोखात एकटी ओदिल बोलली. परक्या बाईचं तोंड मध्ये नव्हतं.

त्याला फार बरं वाटलं. खेळ संपल्यावर त्याने कात्री घेतली, नटीचा चेहरा आणखी थोडा कापला आणि तेवढी काळी पट्टी घातली. मग रोजच कापत गेला.

थिएटरच्या मालकीणबाई, मादाम गोस्लँ, तिकिटाच्या खिडकीवर बसायच्या. एके दुपारी धापा टाकत जिना चढून आल्या. लोक कुरकुर करत होते.

"म्हणतात, काळोखच बघायचा तर घरी कोळशाची कोठी आहे."

फिल्म कुजकी आहे, सारखी तुटते, असं त्याने सांगितलं. त्या जायला वळल्या आणि दारात थांबल्या.

"आणि ती बाई खोकते का हो इतकी?"

"कुठली बाई?"

"अहो, बोलणारी. काळोखात."

सकाळी रिकाम्या थिएटरात त्याने नुसती तबकडी लावली. वाक्य होतं. खोकला नव्हता.

मग फिल्मसकट लावली. पडदा काळा झाला आणि खोकला आला. कोरडा, लागोपाठ दोनदा, नंतर गिळलेला आवंढा. अख्खा हिवाळा त्याने तो शेजारच्या खोलीतून ऐकला होता. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती उशीत तोंड खुपसायची.

"दार उघडं ठेव," ओदिल म्हणाली. "मी येते, आन्सेल्म."

नावाड्याचं नाव आन्सेल्म नव्हतं.

रविवारी दुपारी शेवटचा खेळ होता. सोमवारी फिल्म आणि तबकड्या दुसऱ्या गावी जायच्या होत्या. मग तिचा आवाज त्याला कुठेच मिळणार नव्हता. त्याने सदरा बदलला, केस विंचरले. शेवटचं रीळ चढवलं, सुई खुणेवर टेकवली. मग दाराकडे गेला, कडी काढली आणि दार हातभर उघडं ठेवलं. जिन्यावरून गार हवा आत आली.

तो पडद्याकडच्या भिंतीतल्या भोकाला डोळा लावून उभा राहिला.

पडदा काळा झाला.

तबकडी फिरत होती. आवाज आला नाही. वाक्य नाही, खोकला नाही. खाली कुणीतरी शीळ घातली, कुणी हसलं. तो वाट बघत राहिला.

काळी पट्टी संपली. पडद्यावर नावाडी उघड्या दाराशी बसलेला दिसला. बिचारा बाहेर बघत होता.

आन्सेल्मच्या मानेवरची गार हवा थांबली.

मागे दार हळूच लोटलं गेलं, आणि कडी आतून सरकली.