आतली नवरी

देवनहळ्ळीच्या किल्ल्यापलीकडे, द्राक्षांचा मळा मोडून उभ्या राहिलेल्या डिस्टिलरीत प्रतिमाने बसवलेला खेळ दर शनिवारी संध्याकाळी होई. खेळ म्हणजे एक लग्नघर. लोकांनी तिकीट काढून वऱ्हाडी म्हणून मांडवात वावरायचं, तिथलीच व्हिस्की प्यायची. नवरीच्या थोरल्या बहिणीचं काम प्रतिमा स्वतः करी. अधूनमधून ती एका बंद दाराशी जाऊन हाक मारी, "कावेरी, आवर गं. सगळे खोळंबलेत." नवरी शेवटपर्यंत बाहेर येत नसे. त्या कामाला नटी घेतलेलीच नव्हती.

दारामागे टाक्यांची खोली होती. मांडवातला सगळा आवाज माइकवरून टाक्यांत सोडत. त्या कंपनांनी ओक लाकडाच्या तुकड्यांवरची दारू आठवड्यात दहा वर्षांची मुरते, असं टाक्या सांभाळणारा मंजुनाथ सांगे.

पहिल्याच महिन्यात एक बाई जाताना म्हणाल्या, नवरी गोड होती, हनुवटीवरचा तीळ तर फार शोभला. प्रतिमाला वाटलं, बाईंना चढली असावी. पुढच्या खेपेला दोन वेगळ्याच तरुणांनी तोच तीळ सांगितला. मग कुणीतरी विचारलं, नवरी एवढी थोराड का घेतली? नंतर एका आजोबांनी हळूच चौकशी केली, कानशिलावरचे पांढरे केस खरे की रंगवलेले?

प्रतिमा कामावर असताना थेंबही घेत नसे. तिला कुणीच दिसलं नव्हतं.

तिने मंजुनाथला सांगितलं. तो हसला नाही.

"अक्का, त्या खोलीला कुलूप मीच लावतो," तो म्हणाला. मग किल्ली खिशात टाकत, "हल्ली टाक्यांना हळदीचा वास येतो. स्वल्पच. पण येतो."

खेळ बंद करा, असं तिने मालकांना सुचवून पाहिलं. पुढची तिकिटं विकली गेली होती. घरी जाताना तिला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटत होतं. हाका आपणच मारल्या, दार मात्र कधी उघडलं नाही. आणि आत, त्या दारूसारखीच, तिची वर्षं भराभर चालली होती.

त्या शनिवारी तिने मंजुनाथला कुलूप काढायला लावलं. ठरलेलं वाक्य ती बोललीच नाही.

"कावेरी, ये," ती म्हणाली. "पुरे झालं थांबणं."

तिने दार ढकललं. आत टाक्या होत्या, थंड हवा होती. माणूस नव्हतं.

मांडवातले सगळे दाराकडे वळले.

पाहुणे दोन्ही बाजूंना सरले. मधे वाट झाली.

एका गृहस्थाने पुढे होऊन, कुणाचं कोपर धरावं तसा हात वाकवला. "सावकाश," तो म्हणाला, "उंबरा आहे." आणि तसाच, फार लहान पावलं टाकत, तो मधल्या खुर्चीपर्यंत आला.

खुर्चीचा वेत करकरला.

एक तरुण मुलगी खुर्चीसमोर नमस्काराला वाकली. तिचे मोकळे केस टाळूपाशी दबले, आणि बराच वेळ दबलेलेच राहिले.