केविनच्या बटाट्यात हिंग

कोबीचा अख्खा ढीग कोसळायच्या बेतात होता, आणि तो तांबूस केसांचा माणूस नेमका सगळ्यात खालचा गड्डा ओढत होता.

"वरचे काय किडलेत का रे, माकडा?" उत्तरा पुटपुटली. मराठीतच. अमेरिकेतल्या कॅरीच्या सुपरमार्केटात, एका गोऱ्या माणसाच्या पाठीमागे उभं राहून मराठीत तोंड सोडायला भीती कुणाची?

"किडलेले नाहीत," तो मागे न बघताच म्हणाला. "पण सैल आहेत. आई म्हणते, गड्डा घट्ट हवा."

उत्तराच्या कानशिलांना आग लागली. आणि त्याच क्षणी ढीग कोसळला.

"आई गं!" तो ओरडला. गड्डे टणाटण उड्या मारत केळ्यांपर्यंत गेले. दोघंही गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागले. एका गड्ड्यावर दोघांचे हात पडले, तेव्हा त्याने वर बघितलं. डोळे हिरवट, भुवया मात्र काळ्याभोर. अस्सल देशी.

"माकड इज फाइन," तो म्हणाला. "पण घरी मला अनय म्हणतात."

आई पुण्याची, शैलजा. वडील केविन, बोस्टनचे आयरिश. हे त्याने पार्किंग लॉटमध्ये सांगितलं. पाइनच्या परागांनी सगळ्या गाड्या पिवळ्या झाल्या होत्या, आणि तो दर दोन वाक्यांनंतर शिंकत होता. सरळ 'तू' म्हणत होता. त्याचं मराठी फक्त आईशी बोलण्यातून आलेलं, त्यात 'तुम्ही'ची गरजच कधी पडली नव्हती. उत्तराला ते आवडलं. इथे तिला 'तू' म्हणणारे सगळे एक तर तिचे मॅनेजर होते, नाही तर तिचं लग्न जमवायला निघालेल्या काकू.

"एवढ्या कोबीचं करणार काय?"

"कॉलकॅनन." त्याने नाक पुसलं. "बटाटे, कोबी, दूध, बटर. डॅड दर रविवारी करायचा. ऑगस्टमध्ये गेला तो... त्यानंतर आईने स्टोव्ह लावला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे टोस्ट आणि चहा. तोही मी दिला तर. कपडे असे लटकतात अंगावर." तो थांबला. "माझी बहीण आहे ना, इशिता, प्लेनोला असते. ती म्हणते, एप्रिलपर्यंत आई सुधारली नाही तर घर विकून तिला टेक्सासला आणायचं. मीही जाणार. तिला एकटीला कसं पाठवू? पण आईला हे घर सोडायचं नाहीये, यार. डॅडने बांधलेला डेक आहे तिथे."

आता उत्तराचं सांगायचं तर, नागपूरची बाई. एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. जिभेला हाड नाही म्हणून तीन स्थळं परत गेलेली, आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. पण एक गोष्ट तिला सहन व्हायची नाही. हरणं.

"मराठी मंडळातलं कोणी येत नाही का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"आले होते. पहिल्या आठवड्यात. डबे आणले, आईला सांगितलं की बी स्ट्राँग. मग संपलं."

संपणारच. डबा पोचवला की माणुसकीचा कोटा भरला! उत्तराच्या डोक्याची शीर तडतडली. "शनिवारी माझ्याकडे ये," ती म्हणाली. "बटाटे घेऊन. बघतेच मी तुझी आई कशी खात नाही ते."

"तुला कॉलकॅनन येतं?"

"आजच नाव ऐकलं."

*

पहिल्या शनिवारी तो आपण घरी केलेला नमुना घेऊन आला. डबा उघडून उत्तराने चमचा घातला. चमच्याबरोबर सगळा डबाच वर आला.

"बटाटे मिक्सरमध्ये फिरवलेस?"

"स्मूथ होतात ना..."

"खळ झालीये ही! पोस्टर चिकटव हिच्याने."

तो इतका हसला की तिलाही हसू आवरेना. मग तिने कुकर लावला, तीन शिट्ट्या, घरच्यासारखं. बटाट्यांनी पोटभर पाणी पिऊन आकाराला सोडचिठ्ठी दिली. लापशी झाली. दोघांनी ती वाटीत घेऊन, मीठ-मिरी घालून, बाल्कनीत बसून खाल्ली.

"सॉरी," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून क्वचित निघायचा.

"मला आवडली," तो म्हणाला.

"खोटं बोलू नको."

"लापशी नाही." त्याने वाटीत बघितलं. "बाल्कनी."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी बटाटे सालासकट उघड्या पातेल्यात उकडले. पाणी ओततानाच वाफेचा लोट उठला आणि अनयचा चष्मा पांढरा झाला. हातात गरम पातेलं, समोर काही दिसेना. "उत्तरा, आय कान्ट—"

"हलू नको." तिने हुडीची बाही बोटांवर ओढली, आणि चष्मा न काढताच, हळूच, एक काच पुसली. मग दुसरी. काचेमागचे डोळे एवढ्या जवळ होते, की... पातेलं जड होतं, त्याला चटका बसत असणार, पण त्याने ते खाली ठेवलं नाही. तिनेही ठेव म्हटलं नाही.

"झालं," ती म्हणाली.

त्या दिवशीचं कॉलकॅनन बरं झालं. दुधात पातीचा कांदा गरम केलेला, कोबी कचकचीत, बटाटा हलका. मधे खड्डा करून त्यात वितळलेलं बटर ओतायचं असतं, म्हणाला. उत्तरा उडालीच. "हे तर आळं! वरणासाठी भातात करतो तसं!" कडेकडेने घास घ्यायचा, आळ्यात बुडवायचा. तिला केविन नावाचा न पाहिलेला माणूस एकदम ओळखीचा वाटला.

आणि घरी परतताना अनय दारात म्हणाला, "इशिताने एजंटला फोन केलाय. घर बघायला गुरुवारी येतोय तो."

त्या रात्री उत्तराने स्वतःला स्पष्टच विचारलं, बाई, तुला नक्की कोणाचं काय पडलंय? उत्तर मिळालं. तेही स्पष्टच मिळालं.

*

बुधवारी संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. शैलजा काकू टेबलाशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळावर टिकली, पण बाई जणू स्वतःच्याच घरात पाहुणी.

"बस गं," त्या म्हणाल्या. "अनय सांगत होता तुझ्याबद्दल." आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

स्वयंपाकघरात सगळं जमून आलं. बटाटे, कोबी, दूध. उरलं होतं फक्त आळ्यातलं बटर. उत्तराने ते कढल्यात टाकलं, ते तडतडलं, आणि फोडणीच्या डब्याचं झाकण कधी उघडलं ते तिचं तिलाच कळलं नाही. मोहरी उडाली. पाठोपाठ चिमूटभर हिंग.

वास घरभर पसरला. अनय पुतळ्यासारखा उभा.

"उत्तरा! व्हॉट डिड यू डू?"

"हात गेला रे! गरम स्निग्ध काही दिसलं की जातो हात! दुसरं बटर दे."

"संपलं!"

बाहेरून आवाज आला, "कसला वास येतोय?"

नेऊन ठेवण्यावाचून इलाज नव्हता. काकूंनी कडेचा घास घेतला, आळ्यात बुडवला, तोंडात घातला. आणि चमचा खाली आपटला.

"हिंग? माझ्या केविनच्या बटाट्यात हिंग?"

"काकू, माझी चूक—"

"सबंध संसारभर भांडले मी त्याच्याशी! एक चिमूट घालू दे रे, फक्त एक! नाही म्हणजे नाही. म्हणायचा, शैला, तुझं वरण तुझं, माझे बटाटे माझे. हॉस्पिटलात पडला होता तेव्हासुद्धा मी म्हटलं, घरी चल, या वेळी तरी घालते. तर हसून मान हलवली. नाही! एवढा हट्टी माणूस! आणि आता तो नाही म्हणून तुम्ही खुशाल त्याच्या पाठीमागे..."

त्या उठल्या. खुर्ची करकरली. सात महिने मेणाच्या बाहुलीसारखी बसलेली बाई पदर खोचल्यासारखी स्वेटरच्या बाह्या सारत स्वयंपाकघरात शिरली.

"बाजूला व्हा दोघंही. बटाटे उरलेत ना? आण. बटर संपलं म्हणे! फ्रीझरमध्ये खाली बघ, तो दडवून ठेवायचा. आणि तू गं, उकडल्यावर त्यांच्यावर फडका टाकला होतास?"

"नाही, काकू."

"मग? वाफ फडक्याने खायची असते. हेही माहीत नाही आणि निघाली हिंग घालायला!"

काकूंनी स्वतःच्या हाताने स्टोव्ह पेटवला. निळी ज्योत बघून अनयने फ्रीजला पाठ टेकली आणि तोंडावर हात धरला. उत्तराला चिरायला कोबी मिळाला, आणि जाड चिरते म्हणून बोलणीही मिळाली. तिने आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही.

साधं कॉलकॅनन झालं. काकूंनी मुकाट्याने, कडेपासून मधल्या आळ्यापर्यंत, सगळं खाल्लं. मग हिंगाचा वाडगा जवळ ओढला. दोन चमचे घेतले. तिसरा घेतला.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "पण त्याला कळता कामा नये." मग नाक पुसून, "इशिताला फोन लाव. म्हणावं, उद्या त्या एजंटला चहा पाजून परत पाठवणारे मी."

*

अनय तिला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

"थँक्स म्हणू नको," उत्तरा म्हणाली. "मी तुझ्या आईसाठी काही केलेलं नाही. पहिल्या दिवशी केलं असेल. नंतर सगळं स्वतःसाठी. तू टेक्सासला जाऊ नयेस म्हणून. ऐकलंस? काय म्हणायचं ते म्हण आता."

तो गाडीच्या काचेवरचे पिवळे पराग बोटाने पुसायला लागला.

"मराठी अडलं का? इंग्लिशमध्ये बोल."

"नाही." त्याने मान हलवली. "इंग्लिशमध्ये सोपं आहे. लोक फोन ठेवतानासुद्धा 'लव्ह यू' म्हणतात. मराठीत... मी अजून कोणाला म्हटलं नाहीये."

"मग म्हण."

"चुकलं तर?"

"चुकलं तर परत म्हणायचं. मी कुठे पळतेय?"

त्याने म्हटलं. अडखळत, अर्धं तिच्याकडे आणि अर्धं जमिनीकडे बघत, पण पूर्ण म्हटलं. एक शब्दही चुकला नाही.

उत्तराने गाडीचं दार बंद केलं. ती बाहेरच राहिली होती.

"परत," ती म्हणाली.