साहेबांना चौदा तास झेपतील का?

तो पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, आणि याच्या केसांतून पाणी निथळत होतं.

"पाऊस फक्त तुमच्यावरच पडतो वाटतं?" मी विचारलं.

"मी पोहायला शिकवतो, डॉक्टर. आणि हे आमचे साहेब."

साहेब म्हणजे त्याचा म्हातारा कुत्रा. त्याने टेबलावर चढायला साफ नकार दिला आणि ऐटीत माझ्याच खुर्चीत जाऊन बसला. मग काय, मी गुडघ्यांवर बसून त्याला तपासलं, आणि मालकही शेजारी येऊन बसला. मालकाच्या अंगाला तलावातल्या क्लोरिनचा वास येत होता. तो वास मला कधीच आवडला नव्हता... त्या दिवसापर्यंत.

दूरदेशी त्याच्या ताईने पोहण्याची शाळा काढली होती आणि ती भावाला बोलावत होती. इथल्या विमानतळावरून तिथल्या विमानतळावर पोचायला सलग चौदा तास. साहेबांनी ते पिंजऱ्यात, सामानाच्या कप्प्यात काढायचे. म्हाताऱ्याचं हृदय तेवढं सोसेल असं डॉक्टरने लिहून दिलं, तरच.

"आणि नाही दिलं तर?"

"तर मीही जात नाही. याला सोडून जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी औषध सुरू केलं. तो दर आठवड्याला यायला लागला. ठोके मोजायचे साहेबांचे, आणि वाढायचे माझे! आई एकदा म्हणालीच, "कुत्रा तपासायला कानात डूल कशाला लागतात गं?"

शेवटच्या तपासणीला ठोक्यांमागे बारीकशी खरखर ऐकू आली. "नाही झेपणार," मी सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला. आणि मला चक्क आनंद झाला... त्या आनंदाचीच मग धास्ती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला फोन केला. "मला कॉलेजात शिकवलेल्या सरांना दाखवून या. मी काय म्हणाले ते मात्र त्यांना सांगू नका."

संध्याकाळी तो आला तो गोंधळूनच. "सर म्हणाले, जाऊ शकतो. फक्त वाटेतल्या विमानतळावर एक रात्र उतरवायचा, मग पुढे. एवढं साधं तुम्हाला सुचलं नाही?"

"मी तसा विचारच केला नाही."

"का?"

आता काय लपवायचं? "कारण तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं. खरखर खरीच आहे हो... पण ती किती, हे ठरवायला माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. मुक्या जिवाचा प्रश्न होता. म्हणून पाठवलं."

तो बराच वेळ साहेबांचे कान कुरवाळत राहिला. मी कागद ओढला आणि लिहून दिलं – प्रवासास हरकत नाही, मुक्काम आवश्यक. सही करताना डोळे भरून आले.

"डॉक्टर... अजून एका जिवाचं विचारायचं होतं."

"कोणाचं?"

"तुमचं. हा प्रवास तुम्हाला झेपेल का?"

"इतकं सोपं आहे का ते? दवाखाना आहे, आई आहे..."

"मी कुठे आज म्हणतोय? ताईची शाळा मार्गी लागू दे. तोवर विचार करा."

"आणि... नाहीच जमलं मला, तर?"

"तर मी येईन. वाटेत कुठेही न उतरता."

बोलता बोलता मी त्याचा हात घट्ट धरला होता, हे मला साहेब भुंकल्यावर कळलं.