तोंडातले खिळे

"सोफा रडतोय," असा फोन पोलीस ठाण्यात आला. फोन करणारं गिऱ्हाईक शुद्धीत आहे ना, याची खात्री करून फौजदार निघाले.

सोफे बनवायच्या कारखान्यात म्हातारा मालक भोसकलेला पडला होता. शेजारी निळा सोफा. हुंदके त्यातूनच येत होते.

"कुणाला हात लावू दिला नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "माझा आहे तो."

मागच्या अंगणातून मालकाचा मुलगा आला होता. तोंडात खिळे.

"कुठे होतात?"

"उंहूं..."

"आधी खिळे थुंका!"

"सवय, साहेब. खिळे ओठांत धरूनच ठोकतो. बोललो तर एखादा पोटात जायचा. खुर्च्या ठोकत होतो."

कव्हरं शिवणारी त्याची बहीण म्हणाली, "मशीनच्या आवाजात मला काहीच कळलं नाही." तिने अंगठ्याला चिंधी बांधली होती.

फौजदारांनी सोफ्याच्या पाठीचं कापड फाडलं. आत मालकाची पोरकी नात. मांडीवर रक्ताळलेली कात्री.

"सोफ्याची पाठ उघडी होती, खेळताना आत लपले होते," ती म्हणाली. "आजोबा ओरडले. मग कुणीतरी हे आत टाकलं आणि कापड ठोकलं."

"कोण?"

"अंधार होता. कुजबुज नुसती. ठोकताना सारखं, 'बाबा, माफ करा. बाबा, माफ करा.' थांबतच नव्हतं."

म्हाताऱ्याला बाबा म्हणणारे दोघेच, आणि दोघेही समोर उभे. पोरीने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. आता या दोघांतल्याच कुणाच्या तरी घरी जायचं होतं.

आत्याने तिला कवटाळलं. "चल बाळा, माझ्याकडे."

पोर लाकडासारखी ताठ झाली.

"अंगठ्याला काय झालं, ताई?" फौजदारांनी विचारलं.

"सुई लागली."

फौजदारांनी चिंधी सोडली. नख काळंनिळं.

"सुईने भोक पडतं. हा हातोडा आहे. तुमचा भाऊ ठोकताना बोलूच शकत नाही, ताई. त्याच्या तोंडात खिळे असतात. तुम्ही खिळा बोटांत धरलात, म्हणून अंगठा ठेचला आणि तोंड मोकळं राहिलं. सोड तिला!"

"कारखाना त्यालाच देणार होते!" आत्या किंचाळली. "जन्मभर शिवलं मी!"

तिला नेल्यावर गिऱ्हाइकाने दुसरा रंग मिळेल का, अशी चौकशी केली.

पोर काकाला खेटून जमिनीवर बसली. सोफ्याकडे पाठ करून.

"काका, तू खिळे तोंडात ठेव ना."

काकाने मूठभर खिळे ओठांत धरले आणि तिचा हात हातात घेतला.