पुढचा प्रश्न

नर्स आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, मी माणूस मारला म्हणतात."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. बाईंबरोबर हिंडायचं आणि हो ला हो करायचं, हे काम ते मनापासून करत. त्यांचं बिस्किट कपात पडून विरघळलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

"कोण म्हणतं?"

"सगळेच. उद्या पोलीस मला न्यायला येणार. घरी लहान मुलगी आहे हो माझी."

हकिगत थोडक्यात अशी. एका शाळेच्या मुख्याध्यापिका जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. धाकटा भाऊ त्यांना दवाखान्यात घेऊन आला. नर्सनं दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. बघता बघता चेहरा सुजला, श्वास अडकला आणि मुख्याध्यापिका गेल्या. त्यांच्या जुन्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की याच औषधानं त्या एकदा मरता मरता वाचल्या होत्या, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग बोलल्या कशा नाहीत?"

"फॉर्मवर औषधाच्या ॲलर्जीसमोर 'नाही' आहे. कागदी फॉर्म त्याच सकाळी बंद झाले आणि बोटानं दाबून भरायचे टॅबलेट आले. कागदावर एकच ओळ असायची, 'ॲलर्जी असल्यास लिहा.' आता म्हणतात, गडबडीत 'नाही' मीच दाबलं. मी तो टॅबलेट हातातसुद्धा घेतला नव्हता. भावानं भरला, भावानंच काउंटरवर दिला."

"मुख्याध्यापिका शुद्धीत होत्या? दुखण्यानं बावरलेल्या?"

"छे! मलाच दटावत होत्या. 'परवा कोर्टात खरं काय ते सांगायचंय, तोवर मला उभी करा,' एवढंच चाललं होतं त्यांचं."

दवाखान्यात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मुख्याध्यापिकांच्या खाटेवरची गादी काढून नेली होती, नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. भाऊजींनी तिकडे पाहायचं टाळलं.

फॉर्म तयार करणारा दाढीवाला पोरगा घाबरून अर्धा झाला होता. "त्याच संध्याकाळी फॉर्म बंद केला," तो म्हणाला. "आता फक्त माझ्या टॅबलेटवर आहे. बघा हवं तर."

भाऊजींना फॉर्म भरायची भारी हौस. त्यांनी चष्मा सरसावला आणि पटापट सगळीकडे 'नाही' दाबलं. "संपलासुद्धा? कागदावर निदान पानभर खरडायला मिळायचं."

"काका, सगळ्यालाच 'नाही' म्हटलंत, मग पुढे विचारणार काय?"

"दाबलेलं उत्तर बदलता येतं?" बाईंनी विचारलं.

"येतं. मात्र शेवटचंच राहतं, आधीचं पुसलं जातं. पण फॉर्म आपण होऊन काही बदलत नाही, शपथेवर सांगतो."

बाईंनी टॅबलेट ओढून घेतला आणि बराच वेळ इथं तिथं बोट लावत बसल्या.  

भावाच्या घरी भर दुपारी पडदे ओढलेले होते. अंगणात गाडी उभी होती, तिचा पुढचा दिवा फुटलेला होता.

"ताईनं मला आईच्या मायेनं वाढवलं," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच रडून सुजले होते. "तिचा चष्मा घरी राहिला होता. मी वाचत होतो, ती एकेका प्रश्नाला 'नाही' म्हणत होती, मी दाबत होतो. ॲलर्जीलाही 'नाही'च म्हणाली. दुखण्यापुढे विसरली असेल."

"फॉर्म अवघड होता?"

"अवघड कसला, वेडगळ! 'त्या वेळी जिवाला धोका निर्माण झाला होता का?' हात मोडलेल्या माणसाला असलं विचारतात? माणसाची विचारपूस माणसानं करावी."

"अगदी बरोबर बोललात," भाऊजी कळवळून म्हणाले.

"गाडीचा दिवा फुटलाय," बाई म्हणाल्या.

"एक सायकलवाला आडवा आला. गेला बिचारा. केस चालू आहे. ताई शेजारी बसली होती, माझी एकुलती एक साक्षीदार. आता तीही गेली."

बाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना दवाखान्याच्या ऑफिसात जमवलं. नर्सशेजारी पोलीस अधिकारी बसला होता, समोर मुख्याध्यापिकांचा भाऊ आणि दाढीवाला पोरगा.

"मुख्याध्यापिका विसरल्या नव्हत्या," बाईंनी सुरुवात केली. "कोर्टाची तारीख लक्षात ठेवणारी बाई जिवावरचं औषध विसरत नाही. त्यांनी सांगितलं होतं. ज्याला सांगितलं, त्यानं आधी खरं तेच दाबलं आणि मग बदललं."

"याला पुरावा?" अधिकाऱ्यानं विचारलं. "मशीनमध्ये तर काहीच नाही."

"मशीनमध्ये नाही, बोलण्यात आहे. भाऊजी, जिवाला धोका झाला होता का, हा प्रश्न तुम्हाला कुठं दिसला?"

भाऊजी गडबडले. "मला... मला नाहीच दिसला, वहिनी."

"दिसणारच नाही. तुम्ही 'नाही' दाबलंत. ॲलर्जीला 'हो' म्हटल्यावरच तो उघडतो. खरं ना?"

दाढीवाल्यानं मान हलवली. "दुसरीकडे कुठंच नाही तो."

"कागदी फॉर्मवरही नव्हता, आणि नवा फॉर्म त्याच संध्याकाळी बंद झाला. तरी या गृहस्थांना तो शब्द न शब्द पाठ आहे. जन्मभर कागदी फॉर्म भरले यांनी. कागदावर सगळे प्रश्न सगळ्यांनाच दिसतात, म्हणून इथंही तसंच असेल असं धरून चालले. चुकून दाबलं असतं तर तसं सांगितलं असतं. हे म्हणाले, ताई 'नाही'च म्हणाली. ताई यांच्या बाजूनं साक्ष देणारच नव्हत्या. त्या कोर्टात खरं सांगणार होत्या."

अधिकारी नर्सकडे वळून म्हणाला, "तुम्ही घरी जा. मुलगी वाट बघत असेल." ती उठली. भाऊजींनी तिला दार उघडून दिलं.

भाऊ खाली बघत होता. "आधी 'हो'च दाबलं होतं मी," तो पुटपुटला. "मग तो प्रश्न आला. तो वाचेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं हो, देवाशपथ नव्हतं."

"इंजेक्शन येताना पाहून त्या काहीच बोलल्या नाहीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"बोलली ना. नर्स दारात होती. ताई मला म्हणाली, 'सगळं नीट सांगितलंस ना रे?' मी म्हटलं, हो. 'शहाणा आहेस,' म्हणाली, आणि दंड पुढे केला."