सोमवारचं वजन

आत्याच्या उशाशी असलेली घंटा तिने दाबली आणि मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन... तिचा पारा चढत चालला. अखेर दार ढकलून एक उंच माणूस घाईघाईने आत आला. बाह्या दुमडलेल्या, हातांना कोपरापर्यंत साबणाचा फेस, कानामागे पेन.

"काय झालं? आत्यांना काय होतंय?"

"चार मिनिटं दहा सेकंद," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुम्हाला यायला लागलेली. आत्याला काही होत नाहीये. मी तपासत होते."

त्याने खाटेकडे पाहिलं. आत्या मजेत पत्ते पिसत बसली होती, आणि शेजारच्या खाटेवरच्या टेलरबाई हसू दाबत होत्या.

"बरं," तो शांतपणे म्हणाला. "शेजारच्या खोलीत एका आजोबांच्या डोक्याला साबण लावून त्यांना मावशींच्या हवाली करून आलोय. डोळे घट्ट मिटून बसलेत बिचारे. त्यांना सांगतो, घाबरू नका, तपासत होत्या."

आणि तो गेला. फरशीवर फेसाचे दोन थेंब तेवढे राहिले. एवढा राग तिला खोटा काटा ठेवणाऱ्या दुकानदाराचाही कधी आला नव्हता.

आणि खोटे काटे तर तिचा रोजचाच धंदा होता. ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होती. दुकानात शिरायचं, पेटीतली प्रमाण वजनं काट्यावर ठेवायची आणि समोरच्याचा चेहरा उतरताना बघायचा, हे ती नऊ वर्षं करत आली होती. शितावरून भाताची परीक्षा तिला मान्य नव्हती. ती अख्खं पातेलं उपसून बघणारी बाई होती. आणि या वेळी पातेल्यात तिची आत्या होती. सहा वर्षांची असल्यापासून जिने तिला वाढवलं, ती आत्या. मांडीचं हाड मोडल्यावर घरात दिवसभर एकटी पडणारी आत्या. तीन महिन्यांपूर्वी तिला या शुश्रूषागृहात आणून ठेवलं तेव्हा ही जिन्यात बसून रडली होती, आणि डोळे पुसून लगेच तपासणीला लागली होती. अपराधी वाटणाऱ्या माणसाला काहीतरी काम लागतं.

पहिल्याच आठवड्यात तिने आत्याला बजावलं होतं, "एक सांगून ठेवते. इथे दोन किलोंनी जरी उतरलीस, तरी मी तुला हलवणार. नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात नाव घालून ठेवलंय."

"हलव, हलव," आत्या म्हणाली होती. "मी काय, कपाटच की."

मग रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की ती हजर. चादरीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीची बारीक खूण करून जायची, चादर बदलली की नाही ते कळायला. तिसऱ्या दिवशी चादरीच्या त्याच कोपऱ्यावर तिला तशीच खूण दिसली. ती तणतणत बाहेर आली.

"अहो! चादर बदललेली नाहीये!"

"बदलली," तो औषधांच्या ट्रेवरून मान वर न करता म्हणाला. "खूण मी करून ठेवली. म्हटलं, तुमचा वेळ वाचेल."

"ही काय थट्टा आहे?"

"थोडी," तो म्हणाला आणि मग मान वर करून तिच्याकडे बघितलं. बघितलं ते जरा जास्तच वेळ. त्यामुळे ती आणखी चिडली.

त्या मजल्यावर त्याला सगळे 'ब्रदर' म्हणत, पुरुष परिचारकाला म्हणतात तसं. तिच्या तोंडून मात्र तो शब्द कधी आला नाही. ती आपली "अहो, ऐका", "अहो, इकडे बघा" अशीच हाक मारायची.

"लग्नाला दहा वर्षं झाल्यासारखी हाक मारते हो तुमची भाची," टेलरबाई एकदा म्हणाल्या.

"भांडतेही तशीच," आत्या म्हणाली.

तो सिरिंजमध्ये औषध भरत होता. त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले, आणि आपण पाहिलं याचाच तिला वैताग आला. तपासायला आलेल्या माणसाने कान बघायचे नसतात.

खरी ठिणगी पडली ती वजनावरून. दर सोमवारी सकाळी खुर्चीच्या काट्यावर बसवून सगळ्यांची वजनं होत. आत्याच्या तक्त्यावर दर सोमवारी तोच आकडा होता— एक्कावन्न किलो. पण आत्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं.

"तुमचा काटा खोटा आहे," तिने सांगून टाकलं.

"काटा दोन महिन्यांपूर्वीच दुरुस्त करून आलाय."

"असं सगळेच म्हणतात. गुरुवारी मी माझी वजनं घेऊन येते."

"या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चार वाजता या. तेव्हा मला... म्हणजे, तेव्हा मजल्यावर जरा निवांत असतं."

गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीस किलो वजनांची पेटी घेऊन आली, तर लिफ्ट बंद. त्याने काही न बोलता पेटी उचलली आणि दोन मजले चढला. मागून चढताना तिने ठरवून जिन्याचा कठडा बघितला. अगदी ठरवून.

काट्यावर वजनं चढली. बरोबर वीस. शंभर ग्रॅमचाही फरक नाही.

"हलक्या वजनाला बरोबर दाखवतात, जड वजनाला फसवतात," ती पुटपुटली. "तुम्ही बसा."

"मी?"

"बसा म्हटलं ना."

तो बसला. अडुसष्ट पूर्णांक चार. तिने ती वीस किलोंची वजनं त्याच्या मांडीवर ठेवली. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार. ती वाकून आकडा पुन्हा वाचत होती आणि तो श्वास रोखून बसला होता; काट्यासाठी की आणखी कशासाठी, देव जाणे.

"वजनात भरला का गं मुलगा?" आत्याने खाटेवरून विचारलं.

"काटा बरोबर आहे," ती दातओठ खात म्हणाली.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं. "वजनांमुळे नीट ऐकू नाही आलं."

"काटा बरोबर आहे!"

हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण काटा बरोबर, तर मग आत्याच्या गळ्याची हाडं? ती वळली. "आत्या, ये. आता तू बस."

"आज नको. आज गुरुवार आहे."

"काट्याला वार कळत नाही."

"माझी कंबर दुखतेय... टेलरबाई, सांगा ना हिला."

टेलरबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्याने आत्याला हाताला धरून अलगद खुर्चीत बसवलं. अठ्ठेचाळीस पूर्णांक चार.

त्याने तक्ता घेतला, सोमवारचा आकडा पाहिला, पुन्हा काट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिने शेकडो चेहरे उतरताना पाहिले होते. पण हा पकडला गेल्याचा चेहरा नव्हता. हा घाबरलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि घाबरला होता तो आत्यासाठी.

"तीन दिवसांत अडीच किलो?" तो म्हणाला. "हे शक्यच नाही. आत्या, हे काय आहे?"

आत्याने खाटेशेजारच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिने खालचा खण उघडला. आत दोन लोकरी मोजे होते, तोंडाला गाठ मारलेले आणि दगडासारखे जड. दगडासारखे कसले, दगडच होते. व्हरांड्यातल्या कुंड्यांमधले गुळगुळीत गोटे. दर सोमवारी सकाळी आत्या गरजेप्रमाणे गोटे वाढवून ते मोजे गाऊनच्या आत कमरेला बांधून काट्यावर बसत होती. गाठ मारायला टेलरबाई होत्याच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं ती गावभरच्या लबाड्या पकडत फिरत होती, आणि घरातल्याच बाईने तिला मोज्यांची टोपी घातली होती!

"आत्या! का?"

"का म्हणजे? दोन किलो उतरले की हलवणार म्हणालीस. तू काय, बोलल्यासारखं करतेस." आत्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मला नाही जायचं नदीपलीकडे. इथे मला भांडायला माणूस आहे. घरी दिवसभर भिंतींशी बोलत होते मी. तू दमून यायचीस, तुला काय सांगणार?"

ती खाटेच्या कडेवर बसली आणि आत्याचं मनगट हातात धरलं. किती बारीक झालं होतं ते. रोज चादरी तपासल्या, घंटा तपासल्या, आणि हे मनगट एकदाही असं धरलं नव्हतं.

तो मात्र बसला नव्हता. बॅटरी आणून तो आत्यासमोर गुडघे टेकून म्हणाला, "तोंड उघडा बघू. कवळी काढा." आत्या नाही नाही म्हणाली, मग तिने उघडलं. खालच्या हिरडीवर कवळी घासून मोठी लाल जखम झाली होती. आत्या महिनाभर जेवणाच्या नावाने नुसती पातळ पेज पीत होती. उरलेलं ताट गुपचूप टेलरबाई संपवत होत्या. टेलरबाईंचं वजन का वाढतंय, याचा उलगडाही त्याच दुपारी झाला.

"तुमच्या तक्त्यावर 'तोंडाची तपासणी' असा रकाना आहे," ती म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण थरथरलाच. "रोज बरोबरची खूण आहे त्यात. तुमची सही आहे."

"आहे," तो म्हणाला.

त्याने सबबी सांगितल्या नाहीत. एका माणसामागे चौदा खाटा, हे तिलाही माहीत होतं; तेही तो म्हणाला नाही. टेबलावरची नोंदवही ओढून तिच्यासमोरच त्याने लिहिलं, 'तोंडाची तपासणी विचारून केली, पाहून केली नाही. जबाबदार: मी.' खाली सही केली. मग दंतवैद्यांना फोन लावला, आणि संध्याकाळी ते येईपर्यंत परत परत लावत राहिला.

ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. 'जबाबदार: मी.' नऊ वर्षांत एकाही दुकानदाराने तसं लिहून दिलं नव्हतं. मुलगा मध्ये लुडबुडला, काटा पडला, उंदराने वायर खाल्ली, हेच ऐकत आली होती ती. या माणसावर धड रागावताही येत नाही, म्हणून तिला त्याचा भयंकर राग आला. आणि रागाच्या खाली जे होतं, ते आता तिच्यापासूनही लपेना. ती त्याच्या प्रेमात पडली होती. तेही तक्रार करता करता.

नदीपलीकडे शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तिने या वेळी आधी आत्याला विचारलं, जे तीन महिन्यांपूर्वी विचारायचं राहून गेलं होतं. मग फोन करून तिथे नकार कळवला, आणि शनिवारी दुपारी छत्री गळत असतानाच दुसऱ्या मजल्यावर पोचली. आत्या घासून नीट करून दिलेल्या कवळीने बिस्किट खात होती.

"ब्रदर कुठायत?" घाईत तिच्या तोंडून चक्क तो शब्द गेला.

"ते सोमवारपासून वरच्या मजल्यावर," तिथल्या सिस्टर म्हणाल्या. "स्वतः अर्ज दिला त्यांनी. आत्ताही वरच आहेत, कपड्यांच्या खोलीत."

ती तिसरा मजला कसा चढली, ते तिला कळलं नाही. अरुंद खोलीत तो एकटाच एका मोठ्या चादरीशी झटापट करत होता. खोलीत धुतलेल्या कापडाचा गरम वास होता.

"पळ काढलात?"

तो दचकला. "एक मजला वर आलोय. याला पळ म्हणत नाहीत."

"मी आत्याला इथेच ठेवतेय. नदीपलीकडे नकार कळवलाय. आणि ज्याच्या भरवशावर ठेवायचं, तोच नेमका—"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? ताकाला जाऊन भांडं लपवू नका. नीट सांगा."

त्याने चादर छातीशी धरली. "तुम्ही नात्यातल्या माणसाचं दुकान तपासता का?"

"नाही. चालत नाही. दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यावं लागतं. सख्खं, चुलत, सासरचं, कुठलंही नातं असलं तरी."

"आमच्याकडे तसा नियम नाही," तो म्हणाला. "पण असायला हवा. आत्यांच्या तक्त्यावर ज्याची सही, त्याने... त्याने संध्याकाळी साडेपाचला दाराकडे बघत बसू नये. एका संध्याकाळी मी आत्यांना 'जेवलात ना?' असं विचारलं आणि त्या 'हो' म्हणाल्या. मी तोंड उघडून बघितलं नाही, कारण तुमच्या चपलांचा आवाज आला होता. हे नोंदवहीत लिहिता आलं नाही."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. तिला आपल्याच हृदयाचे ठोके ऐकू येत होते, आणि हे असं भर दुपारी, कपड्यांच्या खोलीत, ओली छत्री हातात धरून व्हावं याचा तिला फार वैताग आला.

"पण तुम्ही आमच्या नात्यातले कुठे आहात?" ती म्हणाली.

"अजून नाही." त्याचे कान पेटल्यासारखे लाल झाले होते. "तेच विचारायचं होतं. खालच्या मजल्यावर राहून विचारता येत नव्हतं."

तो चादरीत तोंड लपवायच्या बेतात होता.

"खाली आत्याकडे आता कोण बघणार?" तिने विचारलं.

"त्या सिस्टर. माझ्यापेक्षा कडक आहेत. कुणाच्या शब्दावर जात नाहीत. कवळी काढायला लावून बघतात."

"रोज?"

"रोज दोनदा."

"घंटा वाजल्यावर किती वेळात येतात?"

"दोन मिनिटं. मी मोजलंय."

"मग हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे..."

"हो म्हणजे हो! आता काय लेखी देऊ?"

इतक्या चिडक्या आवाजात त्या इमारतीत कुणी कधी होकार दिला नसेल. तो नुसताच हसत उभा राहिला. तिने छत्री भिंतीशी टेकवली आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं, कारण त्याला ती घडी अजिबात जमत नव्हती.